डोके आणि मानेची अर्धी प्रतिकृती व सोबतची कवटी: प्रथम वर्षाच्या वर्गासाठी घेतलेल्या संचाचे परीक्षण

दंतवैद्यकाच्या प्रथम वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवताना डोके आणि मान या भागाला कितीही तास दिले तरी ते अपुरेच पडतात. हातापायांत हाडे, स्नायू आणि चेता (नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू) बऱ्याच अंशी एकाच दिशेने धावतात, त्यामुळे विद्यार्थ्याला चित्रावरूनही पुष्कळसे समजते. डोक्यात मात्र चेता कवटीच्या तळातल्या एखाद्या छिद्रातून बाहेर पडते, दोन स्नायूंच्या फटीतून वळण घेते, एखाद्या ग्रंथीत शिरते किंवा पुन्हा दुसऱ्याच हाडाच्या बोगद्यात नाहीशी होते, आणि हा सगळा प्रवास मुठीएवढ्या जागेत घडतो. सपाट कागदावर तो दाखवणे फार कठीण आहे. विच्छेदनगृहात एका शवाभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुढच्या दोन-तीन जणांनाच खोलवरचे काही दिसते, म्हणून ट्यूटोरियलच्या खोलीत हाताळता येईल अशी प्रतिकृती असावी असे विभागात ठरले आणि हा संच विकत घेतला.

अशा प्रतिकृतीकडून माझी अपेक्षा एकच असते. मेंदूपासून निघालेल्या चेतेचा माग बोटाने काढत तिच्या स्नायूपर्यंत किंवा त्वचेपर्यंत पोचता आले पाहिजे. रंग, चकाकी, सुट्या भागांची संख्या या गोष्टी त्यानंतर येतात. पुढे जे लिहिले आहे ते याच कसोटीवर तपासून लिहिले आहे.

संचात दोन वस्तू आहेत. पहिली म्हणजे पाटावर बसवलेली, प्रत्यक्ष आकाराची, उजव्या बाजूची अर्धी डोके-मान. तिच्या एका बाजूला चेहऱ्याचे व मानेचे स्नायू उघडे केलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूला मधोमध घेतलेला उभा छेद आहे. दुसरी म्हणजे वरची टोपी निघणारी, खालचा जबडा स्प्रिंगने जोडलेली प्लास्टिकची कवटी. खोक्यावर निर्मात्याचे नाव नाही, केवळ भागांना दिलेल्या आकड्यांची पुस्तिका आहे, आणि शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत याच घडणीच्या प्रतिकृती वेगवेगळ्या दराने मिळतात. रंगसंगती रूढ आहे: धमन्या तांबड्या, शिरा निळ्या, चेता पिवळ्या.

चेहऱ्याची बाजू हा या प्रतिकृतीचा सर्वांत उत्तम भाग आहे. डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय, तोंडाभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस, गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे तिरपा उतरणारा झायगोमॅटिकस मेजर, यांच्या तंतूंची दिशा कोरीव कामात नेमकी उतरली आहे. गालगुंडात सुजते ती पॅरोटिड ग्रंथी वेगळी काढता येते, आणि ती काढल्यावर फेशियल नर्व्हच्या पाचही शाखा, म्हणजे टेम्पोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मार्जिनल मँडिब्युलर आणि सर्व्हायकल, पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात. विद्यार्थ्याने आपल्या कानासमोर मनगट टेकवून पाच बोटे चेहऱ्यावर आणि मानेकडे पसरली की त्या शाखांची दिशा ध्यानात येते, हे आम्ही वर्गात नेहमी करून घेतो. ते करून झाल्यावर लगेच ही ग्रंथी उचलून दाखवली की वर्गाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

मात्र इथेच एक चूक आहे आणि ती किरकोळ नाही. प्रतिकृतीत फेशियल नर्व्ह ग्रंथीच्या खाली, मॅसेटर या चावण्याच्या स्नायूवर चिकटून असल्यासारखी दाखवली आहे. प्रत्यक्षात ही चेता शंखास्थीच्या तळाशी असलेल्या स्टायलोमॅस्टॉइड छिद्रातून बाहेर पडल्यावर ग्रंथीच्या आत शिरते, तिथेच विभागते आणि तिच्या शाखा ग्रंथीच्या पुढच्या कडेजवळून बाहेर येतात. ग्रंथीचे उथळ आणि खोल असे जे दोन भाग शल्यचिकित्सक मानतात ते या चेतेच्या पातळीवरूनच मानले जातात. पॅरोटिडची गाठ काढताना चेहरा वाचवायचा असेल तर गाठ चेतेच्या वर आहे की खाली, हा पहिला प्रश्न असतो. ग्रंथी सहज उचलता येते आणि चेता खाली सुरक्षित राहते, असे चित्र विद्यार्थ्याच्या मनात बसले तर ते पुढे पुसून काढणे अवघड जाते. ग्रंथीचे दोन तुकडे करून मधे चेता बसवणे साच्यात अशक्य नव्हते. मार्जिनल मँडिब्युलर शाखा मात्र योग्य जागी आहे. जबड्याच्या खालच्या कडेजवळ ती फेशियल धमनी आणि शिरेला ओलांडून जाते, हे इथे स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेत जबड्याखालचा छेद कडेपासून सुमारे दोन सेंटीमीटर खाली का घेतात, हे या एका जागेवर बोट ठेवून समजावता येते.

चेहऱ्यावरचे भाव दाखवणारे स्नायू आणि चावण्याचे स्नायू एकाच तांबूस रंगाने रंगवले आहेत, याचीही मला खंत वाटते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने या भागात सर्वांत आधी पक्की करायची गोष्ट म्हणजे पहिल्या गटाला सातवी कर्पर चेता (मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवी, म्हणजेच फेशियल नर्व्ह) जाते आणि दुसऱ्या गटाला पाचव्या चेतेची मँडिब्युलर शाखा. गालातला बक्सिनेटर घास दातांखाली ढकलून चावण्याला मदत करतो, तरी त्याला सातवीच चेता जाते. तोंडी परीक्षेत दरवर्षी कोणीतरी त्याला मॅसेटरच्या रांगेत नेऊन बसवतो. बेल्स पाल्सीमध्ये अर्धा चेहरा लुळा पडतो, कपाळाला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, पण रुग्ण दात घट्ट आवळू शकतो. मेंदूतल्या झटक्याने चेहरा वाकडा झाला तर कपाळ बहुधा वाचते, कारण कपाळाच्या स्नायूंकडे मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येते. एवढे सगळे ज्या फरकावर उभे आहे तो फरक दोन छटांनी दाखवता आला असता. आम्ही चावण्याच्या स्नायूंवर बारीक हिरव्या टिकल्या चिकटवून ही उणीव भरून काढली आहे.

खोलवरच्या भागाकडे वळले की प्रतिकृतीची बाजू लंगडी पडते. जबड्याच्या उभ्या फांदीच्या आतल्या बाजूला, गालाच्या कमानीखाली जी पोकळी असते, तिथे दंतवैद्याचे अर्धे आयुष्य जाते असे म्हटले तरी चालेल. मँडिब्युलर नर्व्ह फोरामेन ओव्हेलमधून इथेच उतरते, लॅटरल टेरिगॉइड स्नायूची दोन मुळे इथेच असतात, आणि तोंड उघडताना जबड्याचा सांधा पुढे ओढणारा स्नायू हाच असल्याने सांध्याच्या दुखण्याची पुष्कळ उकल या जागी होते. प्रतिकृतीत गालाची कमानही निघत नाही आणि जबड्याची फांदीही निघत नाही. कानशिलावरचा चावण्याचा स्नायू टेम्पोरॅलिस कमानीखाली जातो एवढे दिसते. तो जबड्याच्या फांदीच्या पुढच्या टोकावर, म्हणजे कोरोनॉइड प्रवर्धावर, जाऊन जडतो हे शब्दांतच सांगावे लागते. उभ्या छेदाच्या बाजूने डोकावले तर जिभेकडे जाणारी लिंग्वल आणि खालच्या दातांकडे जाणारी इन्फिरियर अल्व्हिओलर या दोन चेता एकाच जाड पिवळ्या पट्टीत मिसळून टाकलेल्या आहेत.

खालच्या दाढेची बधिरता देताना याच दोन चेतांमधले अंतर महत्त्वाचे असते. लिंग्वल नर्व्ह पुढे आणि आतल्या अंगाला असते, जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाची संवेदना तिच्याकडे असते, आणि कॉर्डा टिम्पनी ही सातव्या चेतेची शाखा तिला येऊन मिळाल्याने चवही तिच्यातूनच जाते. अक्कलदाढेच्या अगदी जवळून ती जात असल्याने दाढ काढताना तिला इजा होण्याचा धोका राहतो. इन्फिरियर अल्व्हिओलर नर्व्ह जबड्याच्या आतल्या बाजूच्या छिद्रात शिरते. त्या छिद्रासमोर लिंग्युला नावाचे हाडाचे लहानसे टोक असते आणि सुई त्याच्या किंचित वर, हाडाला टेकेल अशी पोचवायची असते. सुई हाडाला न टेकता फार मागे गेली तर औषध पॅरोटिडमध्ये उतरते आणि रुग्णाचा चेहरा काही तासांपुरता लुळा पडतो. प्रतिकृतीत लिंग्युला नाही. ज्या वस्तूची जाहिरात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून केली जाते तिच्यात हे चालण्यासारखे नाही.

जबड्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र हाडाला एक खिडकी पाडून आतला कालवा उघडा केला आहे, आणि दातांच्या मुळांशी गेलेल्या बारीक शाखा तिथे सुरेख दिसतात. खालच्या ओठाकडे जाणारी शाखा जिथून बाहेर पडते ते मेंटल छिद्र दुसऱ्या उपदाढेच्या खाली, अगदी हवे तिथे आहे. बधिरता लागली की नाही हे रुग्णाच्या खालच्या ओठाला विचारून का कळते, हे सांगायला ही खिडकी पुरेशी आहे.

उभ्या छेदाच्या बाजूबद्दल तक्रार नाही. नाकातली तीन वळणदार हाडे, जिभेचा जिनिओग्लॉसस, घसा, स्वरयंत्र आणि त्यामागचे मणके योग्य पातळीवर आहेत. मेंदूचा अर्धा भाग काढता येतो.

मानेत स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा स्नायू आकड्याने अडकवलेला असून तो सुटा होतो. उरोस्थी (छातीचे मधले हाड) आणि क्लॅव्हिकल (गळ्याजवळचे आडवे हाड) अशा दोन ठिकाणांहून निघून तो कानामागच्या मॅस्टॉइड प्रवर्धावर जातो, आणि उजवा स्नायू आकुंचन पावला की तोंड डावीकडे वळते, हे विद्यार्थी आपल्या मानेवर हात ठेवून पाहतात. तो काढल्यावर कॅरॉटिड धमनी थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेजवळ दोन भागांत विभागलेली दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला जुग्युलर शीर आणि दोघींच्या मधे, मागच्या खाचेत व्हेगस नर्व्ह आहे. बारावी चेता, हायपोग्लॉसल, धमनीवरून आडवी होऊन जिभेकडे जाते तेही दाखवले आहे. जबड्याखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूची दोन पोटे (मांसल भाग) आणि हायॉइड अस्थीपाशी त्यांना जोडणारा मधला कंडरा फार चांगला उतरला आहे. एकाच स्नायूच्या पुढच्या पोटाला पाचवी चेता आणि मागच्या पोटाला सातवी चेता जाते, कारण ती गर्भाच्या घशातील दोन वेगवेगळ्या कमानींपासून बनतात. हे सांगताना मला हा भाग नेहमी उपयोगी पडतो.

पण मानेच्या मागच्या त्रिकोणात स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह नाहीच. ही अकरावी कर्पर चेता या त्रिकोणात त्वचेच्या फारशी खाली नसते. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडला शाखा देऊन ती त्रिकोण तिरपा ओलांडते आणि खांद्याच्या ट्रॅपिझियस स्नायूमध्ये शिरते. मानेतली एखादी लसिकागाठ तपासणीसाठी काढताना तिला धक्का लागला तरी खांदा उतरतो आणि हात डोक्यावर नेणे कठीण होते. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इतके आहेत की त्यांच्या मानेच्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रिया दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पुढे पाहायच्याच असतात, आणि त्या शस्त्रक्रियेत ही चेता राखता येईल का, हा प्रश्न प्रत्येक वेळी उपस्थित होतो. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला तर तिची आणखी गरज आहे. आम्ही पिवळ्या लोकरीचा धागा लावून ती दाखवतो. निर्मात्याला एक पिवळी रेघ ओढणे जड नव्हते.

दुसरी उणीव साच्याच्या मर्यादेतून आली आहे. मान सातव्या मणक्याशी कापलेली असल्याने पहिली बरगडी नाही, आणि पहिली बरगडी नसली की मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंना जडायला जागा उरत नाही. पुढच्या आणि मधल्या स्केलीनच्या फटीतून हाताकडे जाणारे चेताजाल निघते, पुढच्या स्केलीनवरून श्वासपटलाकडे जाणारी फ्रेनिक नर्व्ह छातीत उतरते, त्याच स्नायूच्या पुढून सबक्लेव्हियन शीर आणि मागून धमनी जाते. मानेच्या मुळाचे हे सारे संबंध त्या एका बरगडीवर बेतलेले आहेत. स्वरयंत्राकडे परत फिरणारी रिकरंट लॅरिंजियल नर्व्हही त्यामुळे अर्धवट राहते. डावी महाधमनीच्या कमानीखालून आणि उजवी सबक्लेव्हियन धमनीखालून वळते, हे दाखवायला खाली थोडी छाती हवी. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बसण्याचे कारण शिकवायचे असेल तर ही प्रतिकृती निम्म्यावर सोडून फळ्याकडे वळावे लागते.

आता कवटी. संचातील ही वस्तू स्वस्त दिसते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता आहे. माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिच्यातूनच. २२ हाडांच्या सीमा बारीक शिवणींनी दाखवल्या आहेत. कवटीच्या आतल्या पृष्ठभागावर मिडल मेनिंजियल धमनीची खाच खोल आणि स्पष्ट आहे. कानशिलापाशी फ्रंटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फिनॉइड ही चार हाडे जिथे भेटतात ती टेरिऑनची जागा बाहेरून अंगठ्याने दाबायची आणि आतून त्याच ठिकाणी खाच शोधायची, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला करायला लावतो. इथे हाड पातळ असते; दुचाकीवरून पडून कानशिलावर मार बसला की हाड तडकते, धमनी फाटते आणि हाड व मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्या मधे रक्त साचू लागते. रुग्ण मधल्या काळात शुद्धीवर येऊन बोलूही शकतो आणि मग खालावतो. हेल्मेटविषयी वेगळे व्याख्यान देण्याऐवजी मी ही खाच दाखवतो.

कवटीची खरी परीक्षा तळातल्या छिद्रांची. ती घेण्याची माझी पद्धत साधी आहे: फुलवाले गजऱ्यासाठी वापरतात तशी पातळ तार घ्यायची आणि प्रत्येक छिद्रातून आतून बाहेर घालून पाहायची. या कवटीत ऑप्टिक कालवा, सुपीरियर ऑर्बिटल फिशर, फोरामेन ओव्हेल, जुग्युलर छिद्र यांतून तार विनासायास जाते. फोरामेन रोटंडममधूनही जाते, आणि नीट वाकवली तर डोळ्याच्या खोबणीच्या तळातून पुढे सरकते. मात्र डोळ्याखालच्या छिद्राशी येऊन अडते, कारण तिथला कालवा साच्यात बंद राहिला आहे. फोरामेन स्पायनोसम म्हणजे नुसता खळगा आहे. ज्या धमनीची खाच आत एवढ्या निगुतीने कोरली, तिचे प्रवेशद्वारच बुजलेले असावे याचे वाईट वाटते. हायपोग्लॉसल कालव्याचीही तीच गत. फेशियल नर्व्हचा हाडातला वळणदार मार्ग मोकळा असावा अशी अपेक्षा मी ठेवत नाही. खऱ्या कवटीतही तिथून तार जात नाही. बाकीची बुजलेली छिद्रे तंत्रज्ञाने बारीक ड्रिलने मोकळी करून दिली आणि त्यानंतर पाचव्या चेतेच्या तिन्ही शाखा आम्हाला तारेने चेहऱ्यापर्यंत आणता आल्या. भुवईवरची खाच, डोळ्याखालचे छिद्र आणि हनुवटीजवळचे मेंटल छिद्र ही जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात, हे तिन्ही तारांची टोके समोर आल्यावर विद्यार्थ्यांना दिसले, आणि तेव्हापासून ही कवटी कपाटात क्वचितच असते.

खऱ्या कवटीला हा पर्याय आहे का, असे सहकारी विचारतात. नाही. खऱ्या हाडाचे वजन, स्टायलॉइड प्रवर्धाचा नाजूकपणा, टेरिगॉइडच्या टोकावरचा आकडा, हाड उजेडासमोर धरल्यावर टेरिऑनपाशी झिरपणारा प्रकाश, हे प्लास्टिकमध्ये येत नाही. पण भारतातून मानवी अस्थींच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी आली आणि पूर्वी कोलकात्याहून ज्या सहजपणे सांगाडे मिळत तो व्यवहार आटला. विभागांकडे जो जुना साठा आहे तो वर्षानुवर्षे हाताळून झिजत चालला आहे, आणि तो जपून वापरणे हे देहदान करणाऱ्यांप्रती आपले कर्तव्यही आहे. नवशिक्या हातांनी आधी प्लास्टिकवर शिकावे आणि मग खरी कवटी हाती घ्यावी, असा क्रम आम्ही ठेवला आहे.

पुस्तिकेत १२० च्या आसपास आकडे आहेत. स्टायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचे मागचे पोट यांचे आकडे एकमेकांत बदलले आहेत, आणि छपाई इतकी बारीक आहे की प्रौढ वाचकाला भिंग लागेल. विक्रेत्याकडे ही चूक लेखी कळवली. दुरुस्त पुस्तिका आलेली नाही. विकत घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी मूळ पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून सर्व आकडे पडताळावेत आणि चुका पुस्तिकेत शाईने दुरुस्त करून मगच ती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी.

संपूर्ण संचाला आम्ही ₹१४,००० च्या आसपास मोजले. महाविद्यालयाच्या विभागाने हा संच घ्यायला हरकत नाही, विशेषतः वाचा-उपचार आणि परिचर्या शिकणाऱ्यांसाठी, कारण त्यांना चेहरा, घसा आणि स्वरयंत्र यांची जी माहिती लागते ती यात नीट मिळते. फिजिओथेरपीच्या विभागाने पहिली बरगडी आणि मणक्यांसह येणारी प्रतिकृती शोधावी, भले ती महाग पडो. एकट्या विद्यार्थ्याने अर्ध्या डोक्यावर पैसे घालू नयेत. सुटी कवटी मिळत असेल तर तेवढीच घ्यावी आणि दुकानातच तार घालून पाहावी. खरेदीपूर्वी जबड्याची स्प्रिंग, मेंदू अडकवायचा चुंबक आणि मानेच्या स्नायूचा आकडा या तीन गोष्टी हलवून पाहाव्यात, कारण त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. प्रतिकृती स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नये. पिवळा रंग सर्वांत आधी उतरतो आणि चेता दिसेनाशा होतात. ओल्या मऊ फडक्याने पुसून, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवली तर रंग टिकतो.